उंबरा चाटणारे आबा

"अरे नाना, धाव, हा म्हातारा आपला उंबरा चाटतोय!"

ओरडणारी बाई ऐंशीच्या पुढची होती, पण आवाज असा की समोरच्या बांधकामावर गवंड्याच्या हातातली थापी खाली पडली. धुळ्याच्या जुन्या भागातलं घर, रविवारची सकाळ. मी त्या घरी मुलगी बघायला आलेला नवरामुलगा. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आणि माझ्याबरोबर मोठं माणूस म्हणून आलेले आमचे आबा माझ्या त्या दोन पायांच्या मधोमध गुडघ्यांवर बसलेले, डोळे मिटलेले, जीभ बाहेर.

आधी सगळ्यांना वाटलं, नमस्कार करताहेत. मुलीचे वडील, म्हणजे नाना, तर भारावून हात जोडून उभे होते. हल्ली इतकं वाकून उंबऱ्याला नमस्कार करतं कोण? मग नमस्कार लांबला. मग त्यातून चटक चटक आवाज यायला लागला. तेव्हा नानांची थोरली बहीण, अक्का, खाटेवरून उठून बघायला आली आणि तिनं वर सांगितलेली आरोळी ठोकली.

आबांवर तिचा काडीचा परिणाम झाला नाही. त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली, शर्टाच्या खिशातून पाण्याची छोटी बाटली काढली, चूळ भरली, गटारीत टाकली आणि निकाल दिला.

"नाना, हाई अंजन नही शे. बाभूय शे."

उंबरा अंजनाच्या लाकडाचा नाही, बाभळीचा आहे, ह्या एका वाक्यानं माझं बारावं स्थळ गेलं. निदान त्या वेळी मला तसंच वाटलं.

आता हे आबा कोण आणि लोकांचे उंबरे का चाटतात, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही. जळगावला पिंप्राळ्यात मी त्यांचा भाडेकरू होतो. ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानात मी नुकता लागलो होतो आणि खोली शोधत होतो. त्यांच्या दारावर पाटी होती: 'खोली भाड्याने देणे आहे. परीक्षा होईल.' मला वाटलं पोलीस पडताळणीबद्दल लिहिलं असेल. आत गेलो तर म्हाताऱ्यानं माझं नाव, गाव, जात, पगार काही विचारलं नाही. लाकडाचे दोन ठोकळे माझ्या हातात ठेवले. दोन्ही तांबूस, दोन्ही दगडासारखे जड.

"हाई काय शे, आनि हाई काय शे?"

मी म्हटलं, दोन्ही लाकडं आहेत.

आबांनी ठोकळे परत घेतले. माझ्या आधी सहा जण येऊन गेले होते म्हणे, आणि सहाही जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, एक सागवान, एक शिसव. "राह तू," आबा म्हणाले. "खोटं बोलत नही." एक ठोकळा खैराचा होता आणि दुसरा अंजनाचा. पुढे चार वर्षं त्या खोलीत राहिलो आणि ते दोन ठोकळे मला रोज चहाबरोबर दाखवले गेले. पहिली दोन वर्षं मी रोज चुकलो. भाडं वाढलं नाही, कारण आबांच्या मते नापास झालेल्याकडून जास्त फी घेऊ नये.

त्यांची सगळी नोकरी वरणगावच्या कारखान्यात झाली होती, पेट्या बनवायच्या शेडमध्ये. तीस वर्षं त्यांनी मऊ, पांढऱ्या, खिळा नुसता दाखवला तरी आत घेणाऱ्या लाकडाच्या पेट्या ठोकल्या. ते म्हणत, तीस वर्षं केळं सोलायचं काम केलं, दाताला एकदा सुपारी लागली नाही. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते सातपुड्याच्या पायथ्याशी गेले आणि कोणा शेतकऱ्याचं मोडलेलं अंजनाचं जू घेऊन परत आले. एसटीत कंडक्टरनं त्या जुवाचं अर्धं तिकीट फाडलं. आबांनी ते तिकीट जपून ठेवलं होतं. घरात मुलांच्या मार्कशीटा ज्या प्लास्टिकच्या पिशवीत होत्या, त्याच पिशवीत.

तेव्हापासून त्यांचं एकच काम. आपल्याकडच्या कोरड्या रानातली टणक लाकडं ओळखायची. अंजन, खैर, बाभूळ, धावडा. ही चारही पन्नास-साठ वर्षं उन्हात-पावसात राहिली, त्यांना तेल लागलं, हात लागले, धूर लागला, की सारखीच काळपट दिसतात. भलेभले सुतार चुकतात. आबा चुकायचे नाहीत. त्यांची स्वतःची न्यायव्यवस्था होती. आधी बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचा. मग नखानं घासून वास घ्यायचा. मग तुकडा पाण्यात टाकायचा. खैर आणि अंजन बुडतं, बाभूळ वर राहते. आणि तरी शंका राहिली तर जीभ. "कान म्हणजे तलाठी," ते सांगायचे, "नाक तहसीलदार, पाणी कलेक्टर. जीभ म्हणजे हायकोर्ट."

खैर तुरट, पान खाल्ल्यासारखा लगेच तोंड धरतो. बाभूळही तुरटच, पण मागाहून डिंकासारखी जराशी गोडसर येते. आणि अंजनाला चवच नाही. थंड लोखंड चाटल्यासारखं. अंजनाबद्दल बोलताना आबांचा आवाज खाली यायचा. मुकाट लाकूड, असं ते म्हणायचे. त्यांच्या बायकोबद्दल मात्र ते हा शब्द कधी वापरू शकले नाहीत, कारण काकूंची बाजू निराळी होती. काकूंचं म्हणणं, लग्नाला चाळीस वर्षं झाली, ह्या माणसानं माझ्या हातचं कधी चाटूनपुसून खाल्लं नाही आणि आता गावभरच्या खाटा चाटतो.

खाणार कसे? त्या जिभेसाठी आबांनी तिखट सोडलं होतं. जळगावात राहून तिखट सोडायचं म्हणजे समुद्रात राहून मीठ सोडण्यासारखं. वांग्याचं भरीत, त्यात मिरची नाही. शेवभाजी, पण रस्सा पांढरा. पाहुणे घरी आले की आधी काकूंना विचारायचे, कोणी आजारी आहे का? हायकोर्टाची तारीख असली, म्हणजे कोणी लांबून लाकूड दाखवायला बोलावलं असलं, की आधी तीन दिवस आबा नुसती दूध-भाकरी खायचे आणि कोणाशी फारसं बोलायचे नाहीत. शब्दांनीसुद्धा जीभ बोथट होते म्हणे.

आणि बोलावणी यायची, खोटं नाही सांगत. अमळनेरला कोणाच्या तरी आजोबांचा तेलाचा जुना लाकडी घाणा अडगळीत सापडला. हल्ली घाण्याच्या तेलाला पुन्हा भाव आलाय, म्हणून नातवाला तो सुरू करायचा होता, पण मोडलेली लाट, म्हणजे घाण्यात फिरणारा जाड दांडा, नवी करायची तर मूळ लाकूड कोणतं हे कळेना. आम्ही दोघं गेलो. आबांनी लाट चाटली. मग म्हणाले, लाकूड बाभूळ, शेवटचा घाणा तिळाचा, आणि चालवणारा तंबाखू खायचा. नातू रडायला लागला, कारण आजोबा खरंच तंबाखू खायचे. आता अमळनेरात तंबाखू न खाणारा आजोबा शोधून दाखवावा लागेल, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोललो नसतो. येताना आम्हाला पाच किलोचा तेलाचा डबा मिळाला होता.

एकदा गल्लीतले एक गृहस्थ वारले. आम्ही स्मशानात. चिता रचून झाली, सगळे हात जोडून उभे, आणि आबा पुढे होऊन एका ओंडक्यावर टकटक करायला लागले. मग त्यांनी शांतपणे तो ओंडका चितेतून ओढून काढला, बाजूच्या ढिगातला दुसरा तिथं सरकवला आणि पहिला बगलेत धरून रांगेत येऊन उभे राहिले. लोकांना वाटलं काही विधी असेल. मृताच्या मुलानंही तसाच एक ओंडका काढून दुसरा ठेवला. त्याच्या पाठोपाठ जावयानं, मग पुतण्यानं. अंत्यविधी अर्धा तास लांबला. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर आबा म्हणाले, तो खैर होता, जाळायचा नसतो. मयताला बाभूळ पुरे, आयुष्यभर तो तरी कुठं खैरासारखा वागला? पिंप्राळ्यात त्यानंतर चार-पाच घरांत तो ओंडका बदलायचा विधी होतो असं ऐकतो. मी स्वतः दोन ठिकाणी पाहिलाय. एकदा तर पुरोहितच म्हणाले, ओंडका कोण बदलणार?

असा हा माणूस माझ्या लग्नाच्या बोलणीला कसा आला? तर माझे वडील कमरेच्या दुखण्यानं पडून होते आणि मामानं यायचं कबूल केलं होतं. पण मामाची केळी. नेमकी त्याच रविवारी गाडी भरायची निघाली, आणि भाचा बिनलग्नाचा राहिला तर राहू दे, कापलेला घड राहत नाही. आबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, मी येतो. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी काकूंनी आतून सांगितलं की आबांचा कोट इस्त्रीला गेलेला आहे.

त्या वेळी माझी अवस्था काय होती हे खानदेशातल्या कुठल्याही तिशीच्या पोराला विचारा. शेती आहे म्हटलं की मुलीवाले म्हणतात, शेतकरी नको. नोकरी आहे म्हटलं की म्हणतात, सरकारी आहे का? अकरा ठिकाणी पोहे खाऊन झाले होते. पोह्यांवरून मी तालुका ओळखायला लागलो होतो. हे बारावं स्थळ धुळ्याचं, आणि ह्या मुलीशी माझं फोनवर एकदा बोलणं झालं होतं. ती एका खाजगी दवाखान्यात औषधांचं दुकान सांभाळायची. मी काहीतरी विनोद केला होता आणि ती हसली नव्हती, पण फोनही ठेवला नव्हता. मला एवढं पुष्कळ वाटलं होतं. रात्रंदिवस माझ्या मनात तेच. हे स्थळ गेलं तर मी आणखी पोहे खाणार नाही, असं मी आईला सांगून टाकलं होतं.

म्हणून एसटीत मी आबांकडून वचन घेतलं. तिथं काही ठोकायचं नाही, खरवडायचं नाही, आणि चाटायचं तर अजिबात नाही. आबांनी रंध्याची शपथ घेतली. पारोळ्यापर्यंत शपथ पाळलीही. पुढे एका प्रवाशाची काठी फक्त हुंगली.

शपथ मोडली ती नानांमुळे. दारात पाऊल टाकलं आणि नाना कौतुकानं म्हणाले, "सांभाळून या, उंबरा उंच आहे. अंजनाचा आहे बरं. आमच्या आजोबांनी सातपुड्यातून बैलगाडीनं आणलेला." घर आता स्लॅबचं झालं होतं, फरशी आरशासारखी, दिवाणखान्यात एसी. पण दाराच्या दोन फळ्या आणि उंबरा आजोबांच्या वेळचा ठेवलेला. उंबऱ्याच्या मधोमध पितळी पत्रा मारलेला, दोन्ही टोकांना हळदकुंकवाचे थर. अंजन हा शब्द ऐकला आणि मी वळून पाहिलं तर आबा माझ्या मागे नव्हते. माझ्या खाली होते.

आता पुन्हा त्या निकालापाशी येतो. बाभळीचं लाकूड घराच्या दाराला लावत नाहीत, तिच्यावर भूत राहतं, असं आमच्याकडे अजूनही मानतात. मानत नाहीत तेही लावत नाहीत. त्यामुळे दारात येऊन तुमचा उंबरा बाभळीचा आहे असं सांगणं म्हणजे तुमचे आजोबा एक तर फसले होते किंवा फसवत होते, आणि तीन पिढ्या तुमची लक्ष्मी भुताच्या मांडीवरून आत येतेय, एवढं सगळं सांगणं झालं. नानांचा चेहरा विटेसारखा झाला. त्यांनी मला विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हणालो, घरमालक. नाना म्हणाले, मग घर बदला, आणि मुलगीपण दुसरीकडे बघा.

मुलगी आतल्या दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती आबांकडे बघत होती, दवाखान्यात एखाद्या नव्या आजाराकडे बघावं तशी.

मी आबांच्या कानात सांगितलं, म्हणा चुकलं. म्हणा अंजन आहे. आबा, माझ्यासाठी म्हणा. त्यांच्या तोंडावर खरोखरच्या यातना दिसल्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "तोंड वयत नही रे," ते मला म्हणाले, म्हणजे तोंड वळत नाही. मग नानांकडे वळून म्हणाले, हायकोर्टाचा निकाल मान्य नसेल तर कलेक्टरकडे चला. पाण्यात टाका. बुडाला तर मी ह्याच उंबऱ्यावर नाक घासतो.

नानांना खात्री होती, म्हणून ते हो म्हणाले. तोवर गल्ली जमली होती. अक्का मात्र आडवी आली. ती उंबऱ्यावर बसूनच राहिली. उंबरा काढायचा नसतो, काढला की घराचं वाईट होतं, माझ्या मढ्यावरून काढा, असं बरंच म्हणाली. लोकांनी ती जुन्या वळणाची बाई म्हणून समजूत घातली, दोघींनी दंडाला धरून उठवलं आणि समोरच्या गवंड्यानं पहार आणली.

जुन्या पद्धतीचं दार होतं ते. बिजागऱ्या नाहीत, फळ्यांच्या खालच्या खुंट्या उंबऱ्याच्या खोबणीत फिरतात. त्यामुळे उंबरा उचकटला आणि दोन्ही फळ्या नानांच्या अंगावर आल्या. त्या चौघांनी भिंतीला टेकवून ठेवल्या. चार फुटांचा उंबरा सहा जणांनी खांद्यावर घेतला. कोणीतरी सवयीनं 'राम बोलो' म्हणायला लागला, त्याला गप्प केलं. बांधकामावर पुरुषभर खोल पाण्याचा हौद होता. तिथं वरात गेली. पुढे नाना, मागे आबा, त्यांच्यामागे पेढ्यांचा पुडा घेतलेला मी.

उंबरा पाण्यात सोडला. धप्प आवाज झाला आणि तो बुडाला. नानांनी दोन्ही हात वर केले. एवढ्यात तो वर आला. आबांनी मान डोलावली. पण वर येतानाही तो आडवा आला नाही. एक टोक खाली गेलं, एक वर आलं, आणि तो उंबरा त्या हौदात सरळ उभा राहिला. चार बोटं पाण्याच्या वर, बाकी सगळा खाली. वर्गात बाईंनी उभं केलेल्या पोरासारखा. कोणी हात लावला की लवायचा आणि परत उभा.

मग एक बाई म्हणाली, देवी आहे. दुसरी घरून नारळ घेऊन आली. गवंड्यानं चपला काढल्या. पाच मिनिटांत हौदाला हळदकुंकू लागलं, दहा मिनिटांत तिथं दोन रांगा झाल्या, बायकांची वेगळी. मोबाइल सगळ्यांचे वर. एक जण मला विचारून गेला की नवस बोलायचा तर कोणाकडे बोलायचा. मी आबांकडे बोट दाखवलं. मी तरी काय करणार होतो?

अक्कानंच तो प्रकार थांबवला. ती हौदाच्या काठाशी आली, नानांना म्हणाली, "काढ तो पत्रा." पत्रा उपटला. खाली सांधा होता. अर्धा उंबरा एका लाकडाचा, अर्धा दुसऱ्याचा, आणि मधे कुसानं, म्हणजे खाचेत बसवलेल्या खुंटीनं, जोडलेला, केसही जाऊ नये असा. अक्काला तिच्या आजीनं सांगितलं होतं. आजोबांनी आणलेलं अंजन दोन फूट कमी पडलं होतं. गावभर सांगून झालं होतं, मुहूर्त आला होता, म्हणून सुतारानं शेतातल्या बाभळीचा तुकडा जोडला आणि वरून पत्रा ठोकला. घरातल्या बायका तेवढी गोष्ट पोटात ठेवून मेल्या. अक्का उंबऱ्यावर बसली होती ती भुताच्या भीतीनं नाही, सांधा दिसेल म्हणून.

नाना हौदाच्या काठावर खाली बसले. राग उतरला होता. त्याच्या जागी जे आलं ते बघवत नव्हतं. पन्नास लोकांसमोर, नारळ फोडलेल्या हातांसमोर, त्यांचे आजोबा खोटे ठरले होते. मला कळलं की आता हा माणूस मला माफ करेल, पण पुन्हा कधी तोंड दाखवू देणार नाही. कारण मी दिसलो की त्याला हौद दिसणार. बारावं स्थळ गेलं ते आत्ता गेलं.

आणि तेव्हा आबा बोलायला लागले.

एक गोष्ट मी चार वर्षांत पाहिली होती. लाकडाबद्दल बोलताना आबांचा हात लाकडावर असायचा. नेहमी. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. ते म्हणाले, नाना, माझं चुकलं. मी एकच टोक चाटलं. हा सांधा कमी पडलं म्हणून केलेला नाही, मुद्दाम केलेला आहे. जोड-उंबरा म्हणतात ह्याला. अंजन आटत नाही, बाभूळ पावसाळ्यात फुगते. म्हणून एका अंगाला अंजन, एका अंगाला बाभूळ. दार बारा महिने सारखं लागतं. अख्ख्या खानदेशात असा उंबरा करणारा एकच सुतार होता आणि त्याला बोलवायला ऐपत लागायची. तुमच्या आजीला आजोबांनी कमी पडलं असं का सांगितलं? नजर लागू नये म्हणून. मी आयुष्यभर असा उंबरा शोधत होतो.

एवढं सलग आबा कधीच बोलत नसत. नानांनी मान वर केली. "खरंच?" त्यांनी विचारलं.

"मी लाकडाबद्दल खोटं बोलस का?" आबा म्हणाले. तेही हात पाठीमागे ठेवूनच.

गल्लीनं सुस्कारा सोडला. ज्या बाईनं नारळ फोडला होता ती म्हणाली, मी म्हटलं नव्हतं का काहीतरी आहे. नानांनी डोळे पुसले आणि आमच्या आजोबांचं डोकंच तसं, असं दोघा-तिघांना सांगून घेतलं. अक्कानं आबांना आपल्या हातानं पोह्यांची बशी आणून दिली, त्यातल्या मिरच्या वेचून.

मग सगळे आपापल्या घरी गेले आणि लक्षात आलं की नानांच्या घराला दार नाही. रविवारचा सुतार मिळेना. आबांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करायला लावल्या. उंबरा हौदातून काढून जागी बसवला आणि मग दुपारी चारपर्यंत मी एकेक फळी पाठीवर घेऊन ओणवा होतो आणि आबा खाली खोबणी साफ करत मला शिव्या घालत होते. ती मुलगी चहा घेऊन आली, कप खाली ठेवला, फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "थोडं डावीकडे घ्या." मी घेतलं. खुंटी खोबणीत बसली. दिवसभरात ती माझ्याशी तेवढंच बोलली.

येताना एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली. आबा खाली उतरले आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या घेऊन आले. नुसत्या, मीठ लावलेल्या. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी परत दिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी काकूंना सांगितलं, भरीत सगळ्यांसारखं कर. लाकूड दाखवायला कोणी आलं तर ठोकून, हुंगून, पाण्यात टाकून सांगायचे. जिभेबद्दल विचारलं की म्हणायचे, हायकोर्टाला सुट्टी लागली.

आता ते सुरतेला मुलाकडे असतात. फ्लॅटमध्ये सगळं प्लायवूड. मी फोन केला की तक्रार करतात, चव नही, नुसता गोंद शे. म्हणजे अधूनमधून सुनावणी होत असावी.

धुळ्याहून होकार आला तो तिसऱ्या दिवशी. लग्न झालं, वर्ष झालं. परवा सासुरवाडीला गेलो होतो. नाना दारात उभे राहून कोणा पाहुण्याला जोड-उंबऱ्याची गोष्ट सांगत होते. आता त्यात सुतार राजस्थानातून आला होता. मी आत येऊन बायकोला विचारलं, त्या दिवशी तुला तरी आबांचं ते सगळं खरं वाटलं होतं का, की ते ऐकून तू हो म्हणालीस?

ती गोळ्यांची पाकिटं मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही. दार लागत नव्हतं, ते तुम्ही लावलंत."